काचबिंदूची नळी आणि तिचे वेळापत्रक

काचबिंदूसाठी डोळ्यात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तास-दीड तासात उरकते, पण तिच्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंती पुढची अनेक वर्षे, आणि तेही बऱ्याच अंशी ठरावीक काळातच, डोके वर काढतात. पहिल्या आठवड्यात डोळ्याचा दाब फार खाली जाण्याची भीती असते, पाचव्या-सहाव्या आठवड्यात काही प्रकारच्या नळ्यांत ती पुन्हा उभी राहते, त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारच्या नळ्यांत दाब उलट वर चढतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी, सगळे सुरळीत झाले असे घरचे मानू लागतात तेव्हा, नळीवरचे आवरण झिजण्याची किंवा बुबुळावरची पारदर्शक काच धूसर होण्याची शक्यता निर्माण होते. या शस्त्रक्रियेचे यश त्यामुळे शल्यविशारदाच्या कौशल्याइतकेच रुग्ण नेमक्या आठवड्यात दवाखान्यात हजर असतो की नाही यावरही अवलंबून असते, आणि सुरतच्या दक्षिणेकडील भेस्तानसारख्या कामगारवस्तीत ही हजेरीच अधिक अवघड ठरते.

पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर उधना आणि सचिन यांच्या दरम्यान भेस्तान हे स्थानक येते. पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या मिला, सचिनची औद्योगिक वसाहत आणि जागोजागी यंत्रमागांचे कारखाने असा हा सगळा पट्टा आहे. उधन्याहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोहोचणाऱ्या तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यात आणली, आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान येथे अहिराणी व मराठी आजही सर्रास कानी पडते. या कुटुंबांचा संसार सुरतेत असला तरी गाव सुटलेले नसते. दिवाळीत मिला बंद झाल्या की गाड्या भरून वाहतात, श्रावणात कानबाईच्या उत्सवातील रोटांसाठी भाऊबंद एकत्र येतात, आखाजीच्या सणाला लेकी माहेरी जातात, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाने महिना-दोन महिने गावी जाऊन आराम करावा हे तर कोणी कोणाला सांगावेही लागत नाही. मोतीबिंदूनंतर असा आराम बहुधा खपून जातो. नळीनंतर तो चुकीच्या आठवड्यात पडला, तर महागात पडू शकतो.

सुरतेतील गुजराती बोलणारे ज्याला झामर म्हणतात तो काचबिंदू म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाण्याचा विकार होय. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि एकदा मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. बुबुळाच्या मागे असलेल्या एका कड्यासारख्या अवयवातून दर मिनिटाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-अडीचपट, पाण्यासारखा द्रव पाझरतो, बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळीतून रक्तात निघून जातो. ही जाळी तुंबली, किंवा तिची वाट बुजली, की आतला दाब वाढतो. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असलेला दाब सर्वसाधारण मानला जातो, आणि दवाखान्यात ‘टेन्शन तपासले’ असे म्हणतात ते याच दाबाबद्दल. अश्रूंशी या द्रवाचा काही संबंध नसतो, त्यामुळे डोळ्याला पाणी येणे थांबले म्हणजे प्रेशर उतरले, हा रुग्णांमध्ये वारंवार आढळणारा समज निराधार आहे.

दाब कमी करण्यासाठी आधी थेंब, मग काही प्रकारांत लेझर आणि त्यानंतर १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी वर्णिलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झाकण असलेली छोटी वाट काढणे, असा उपचारांचा नेहमीचा क्रम आहे. जिथे ही वाट बुजून जाते किंवा बुजणार हे आधीच दिसत असते, तिथे नळीचा विचार होतो: मधुमेहामुळे बुबुळावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात तेव्हा, डोळ्याच्या आत वारंवार दाह होऊन गेलेला असतो तेव्हा, बुबुळाची काच बदलल्यानंतर, काही लहान मुलांत, आणि रसायनाने डोळा भाजला असेल तर. या शेवटच्या कारणाला भेस्तान-पांडेसऱ्याच्या परिसरात विशेष अर्थ आहे, कारण पॉलिएस्टर कापड हलके व मऊ करण्यासाठी मिलांत कॉस्टिक सोडा वापरतात आणि अशा अल्कलीचा शिंतोडा आम्लापेक्षा अधिक खोल उतरून द्रवाची जाळीही जाळू शकतो. काचबिंदूचे आणखी एक कारण मात्र कारखान्याबाहेरचे आहे. डोळा लाल झाला, खाजू लागला, की मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालत राहण्याची सवय देशभर आहे, आणि त्या थेंबांनी आराम पडत असतानाच काही जणांच्या डोळ्याचा दाब वेदनेविना चढत जातो.

अडलेल्या द्रवाला कृत्रिम वाट काढून देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत. फ्रान्समध्ये रोले आणि मोरो यांनी घोड्याचा केस वापरून पाहिला, १९१२ मध्ये झोराब यांनी रेशमाचा धागा वापरला, पण बाहेरच्या टोकाशी जखम भरून येताच हे सारे मार्ग बंद पडत. अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये मांडलेली आणि नंतरच्या काही वर्षांत सुधारलेली रचना टिकली, कारण त्यांनी भरून येणाऱ्या जखमेशी झगडण्याऐवजी तिचाच उपयोग करून घेतला. नळीचे बाहेरचे टोक त्यांनी एका चकतीवर सोडले. ही चकती डोळ्याच्या गोलकावर, वरच्या पापणीआड, बरीच मागे बसवली की शरीर तिच्याभोवती तंतूंचे कोश विणते आणि द्रव त्या कोशात साठून हळूहळू आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो. आजच्या चकती असलेल्या सर्व नळ्या याच तत्त्वावर चालतात. त्यांपैकी १९९३ पासून प्रचारात असलेल्या अहमद व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनच्या दोन पातळ पडद्यांची झडप असते, तर बेअरवेल्ट या नळीत झडप नसते पण चकती मोठी असते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये बेअरवेल्टच्या धर्तीवर ३५० चौरस मिलिमीटर चकतीची स्वदेशी नळी आणली, जिची किंमत परदेशी नळ्यांच्या मानाने फारच कमी असल्याने भारतातील अनेक रुग्णालयांत आता तीच बसवली जाते. स्वस्त नळी मिळाली ही मोठीच सोय झाली, पण ती बिनझडपेची आहे, आणि वेळापत्रकाचा प्रश्न बिनझडपेच्या नळीत सर्वांत कडक असतो, हे तिच्या कौतुकात अनेकदा बाजूला पडते.

नळीची बाहेरची जाडी सुमारे ०.६३ मिलिमीटर, म्हणजे उदबत्तीच्या काडीपेक्षाही कमी, आणि आतले छिद्र त्याच्या निम्म्याने. शल्यविशारद डोळ्याच्या वरच्या बाहेरील बाजूस पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा उचलतो, बुबुळाच्या कडेपासून आठ ते दहा मिलिमीटर मागे चकती टाक्यांनी घट्ट बसवतो, नळी हव्या त्या लांबीची तिरकी कापतो आणि सुईने पाडलेल्या छिद्रातून तिचे टोक बुबुळ व समोरची काच यांच्यामधल्या जागेत सरकवतो. अहमद व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी बारीक सुईने तिच्यातून सलाइनची धार जोराने सोडावी लागते, कारण कारखान्यातून आलेले सिलिकॉनचे पडदे एकमेकांना चिकटलेले असतात. मागच्या बाजूने धार बाहेर पडलेली दिसल्याशिवाय व्हॉल्व्ह डोळ्यात जात नाही. शेवटी नळी जिथून आत शिरते त्या भागावर नेत्रदानातून मिळालेल्या पांढऱ्या भिंतीचा किंवा काचेचा लहान तुकडा शिवला जातो.

कोश तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या सगळ्या अडचणींचे मूळ या विलंबात आहे. कोश नसताना नळी मोकळी असेल तर द्रव अडथळ्याविना वाहून जातो आणि दाब पाचच्याही खाली उतरतो. अशा ढिल्या पडलेल्या डोळ्यात बुबुळ पुढे सरकते, समोरची जागा उथळ होते, दृष्टिपटलाच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात पाणी साचते आणि दृष्टिपटलाला सुरकुत्या पडून नजर अंधूक होते. बहुतेक वेळा बाहुली मोठी करणाऱ्या व स्टेरॉइडच्या थेंबांनी, किंवा समोरच्या जागेत जेलसारखा पदार्थ भरून, हे आटोक्यात येते. याच अवस्थेत त्या थरात अचानक रक्तस्राव झाला तर मात्र डोळा ठणकू लागतो, उलट्या होतात आणि नजर काही मिनिटांत जाऊ शकते; वय जास्त असणाऱ्या, शस्त्रक्रियेपूर्वी दाब फार चढलेल्या आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. जोराचा खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथणे, वाकून जड वजन उचलणे यांनी तो आणखी वाढतो, आणि म्हणून यंत्रमागावर बीम चढवणाऱ्या किंवा ग्रे कापडाचे ताके वाहणाऱ्या माणसाला ‘हलके काम करा’ एवढेच सांगून भागत नाही. त्याच्या कारखान्यात हलके काम कोणते, हे विचारूनच सल्ला द्यावा लागतो.

बिनझडपेच्या नळीत हा पहिल्या आठवड्याचा धोका टाळण्यासाठी शल्यविशारद नळीभोवती विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारून ती तात्पुरती बंद करतो, आणि मधल्या काळात थोडा द्रव जावा म्हणून गाठीच्या पुढे सुईने बारीक छेद देतो. हा धागा साधारण पाच ते सहा आठवड्यांत सैल पडतो आणि तोवर तयार झालेला कोश पुढचा प्रवाह सांभाळतो, अशी अपेक्षा असते. बहुतेक रुग्णांत तसेच होते. पण कोश पातळ राहिला असेल, किंवा रुग्ण जुने दाब उतरवणारे थेंब आणि गोळ्या त्याच मात्रेत चालू ठेवत असेल, तर नळी उघडताच दाब एकाएकी कोसळतो, आणि शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने, डोळा निवळलेला असताना, रुग्णाला अचानक धूसर दिसू लागते. नळी उघडली की यांतले बरेचसे थेंब त्याच दिवशी बंद करावे लागतात. कोणते बंद करायचे आणि कोणते चालू ठेवायचे हे दाब मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. श्रावणाच्या तोंडावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण कानबाईला गावी गेला आणि तिथे राहिला, तर त्याची नळी शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील एखाद्या गावात उघडणार, आणि त्याच्या हातातील चिठ्ठीवर जुनेच थेंब लिहिलेले असणार. डिस्चार्जच्या कागदावर ‘एक महिन्याने दाखवणे’ असा ठोकळेबाज शेरा मारण्याऐवजी गाठ सुटण्याचा अपेक्षित आठवडा तारखांसह लिहून देणे ही खर्चविरहित गोष्ट आहे, आणि ती सर्वत्र होत नाही याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

झडपेच्या नळीचे गणित उलट आहे. आठ ते बारा मिलिमीटरच्या आसपास दाब असेल तेव्हाच पडदे उघडावेत अशी अहमद व्हॉल्व्हची रचना असल्याने पहिल्या दिवसापासून दाब उतरतो आणि रुग्णाला हायसे वाटते, परंतु तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या काळात, कोश जाड आणि रक्ताळलेला असताना, अनेकांचा दाब पुन्हा वीस-बावीसच्या वर जातो. यावरून नळी फुकट गेली असे समजू नये. थेंब वेळेवर सुरू केले तर अनेकांत हा उंचवटा सहा महिन्यांच्या आत ओसरतो. पण तोवर थेंब नकोत, ऑपरेशन झाले आहे ना, असे म्हणून रुग्ण ते सोडतो आणि आधीच विरळ झालेल्या नसेवर आणखी काही आठवडे ताण पडतो. या काळात कुणालाच दुखत नसल्याने दाब वाढल्याचे रुग्णाला कळण्याचा मार्गही नसतो.

नळीचे आतले तोंड रक्ताच्या गुठळीने, दाहातून तयार झालेल्या चिकट जाळ्याने, बुबुळाच्या कडेने किंवा डोळ्यातील जेलीसारख्या पदार्थाने बंद होऊ शकते. लेझरने किंवा आणखी एका छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळे करता येते. मोठी चकती डोळा फिरवणाऱ्या स्नायूंखाली बसवली जात असल्याने काहींना एकाचे दोन दिसू लागतात, आणि असे दुहेरी दिसणे कायम राहिले तर प्रिझमचा चष्मा किंवा फेरशस्त्रक्रिया लागते. मुलांचा डोळा वाढत असल्याने त्यांच्यात नळीचे टोक जागेवरून हलण्याची शक्यता अधिक असते. मोतीबिंदूही लवकर पिकतो.

काचेचे, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचे, प्रकरण अधिक गंभीर आहे. या पडद्याच्या आतल्या पृष्ठावर पेशींचा एकच थर असतो. तो पडद्यातील पाणी सतत बाहेर काढून त्याला पारदर्शक ठेवतो आणि मोठ्या माणसात या पेशी मेल्यावर पुन्हा तयार होत नाहीत. प्रौढ वयात चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच हजार असलेली त्यांची संख्या पाचशेच्या आसपास उतरली की पडदा सुजतो आणि दुधी होतो. नळीचे टोक पडद्याला टेकत असेल तर पेशी वेगाने जातातच, पण न टेकताही त्यांची हळूहळू घट होत राहते. डोळा चोळण्याने टोक पुढे-मागे हलते, आणि मागांच्या कारखान्यात हवेत तरंगणाऱ्या तंतूंमुळे दिवसभर डोळे चोळणाऱ्या कामगाराला ही सवय मोडायला सांगणे जितके आवश्यक तितकेच कठीण आहे. काही शल्यविशारद म्हणून नळी बुबुळाच्या पुढे न ठेवता मागे ठेवणे पसंत करतात.

आवरण झिजून नळी उघडी पडणे ही उशिरा येणारी आणि सर्वांत धोकादायक गुंतागुंत. पापणीची प्रत्येक उघडझाप नळीवरच्या त्वचेला घासते, खालचा दान केलेला तुकडा वर्षानुवर्षे विरघळत जातो, आणि एक दिवस त्वचेला भोक पडते. रुग्णाला कदाचित काही खुपल्यासारखे वाटेल, कदाचित काहीच वाटणार नाही. घरच्या माणसाने रुग्णाला खाली व नाकाकडे बघायला सांगून वरची पापणी हलकेच उचलली आणि टॉर्च धरला, तर निरोगी स्थितीत तिथे फिकट पांढरट फुगवटा आणि त्यावरून गेलेल्या लाल शिरा दिसतात. नळी उघडी पडली असेल तर त्याच जागी शिरा नसलेली, काचेसारखी चमकणारी बारीक रेघ दिसते. दवाखान्यात तिथे नारिंगी रंगाचे थेंब घालून निळ्या प्रकाशाखाली पाहतात, आणि आतून द्रव गळत असेल तर रंग पातळ होऊन हिरवट ओघळ वाहताना दिसतो. उघड्या नळीतून जंतूंना थेट डोळ्याच्या आत वाट मिळते, म्हणून दुखत नसले तरी काही दिवसांच्या आत ती नव्या तुकड्याने झाकणे भाग असते. त्यानंतर दुखणे, लाली, चिकट स्राव आणि नजर कमी होणे एकदम सुरू झाले, तर तो आतला संसर्ग असू शकतो, आणि त्यात तासांचा उशीरही नडतो. काच बदलण्यासाठी पुरेशा चांगल्या नसलेल्या दान डोळ्यांचे तुकडेही नळी झाकण्याच्या कामी चालतात. नेत्रदान करणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

एवढी यादी वाचून नळी नकोच असे कुणाला वाटेल, तर अमेरिकेतील एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासाचे आकडे पाहावेत. १९९९ ते २००४ या काळात १७ केंद्रांत, आधी मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या २१२ डोळ्यांवर बेअरवेल्ट नळी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी यांची तुलना करण्यात आली. पाच वर्षांनी नळीचे अपयश २९.८ टक्के होते, ट्रॅबेक्युलेक्टॉमीचे ४६.९ टक्के; सुरुवातीच्या गुंतागुंती नळीत २१ टक्के व दुसऱ्या गटात ३७ टक्के, तर उशिराच्या गुंतागुंती अनुक्रमे ३४ व ३६ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच. नळी गटात काचेची टिकून राहणारी सूज १६ टक्के आणि नळी उघडी पडणे ५ टक्के होते. हे आकडे नियमित तपासणीला येणाऱ्या रुग्णांचे आहेत, एवढे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

या पट्ट्यातील रुग्णाच्या खिशात दोन राज्यांचे कागद असतात. नवापूर स्थानकाच्या मधूनच गुजरात-महाराष्ट्राची सीमा जाते, पण सुरतेच्या सरकारी रुग्णालयातील नोंद धुळ्याच्या डॉक्टरला आपोआप दिसत नाही. कोणत्या डोळ्यात, कोणत्या दिवशी, झडपेची की बिनझडपेची नळी बसवली, गाठ मारली आहे का, शेवटचा दाब किती होता आणि सध्या कोणते थेंब चालू आहेत, या गोष्टी लिहिलेला कागद, निदान त्याचा मोबाइलवरचा फोटो, सोबत असला की गावाजवळचा नेत्रतज्ज्ञही निर्णय घेऊ शकतो. चिठ्ठी गुजरातीत आहे म्हणून अडत नाही. औषधांची नावे इंग्रजीतच असतात. अडते ते नळीचा प्रकार कुठेच लिहिलेला नसतो तेव्हा.

सगळे नीट होऊनही कोश वर्षागणिक जाड होत जातो आणि दरवर्षी साधारण दहा टक्के नळ्यांचा परिणाम अपुरा पडू लागतो. तेव्हा आधी थेंब वाढवले जातात. ते पुरेसे ठरले नाहीत तर दुसरी नळी, बहुधा खालच्या व नाकाकडील बाजूस, बसवता येते. तिथे आवरण झिजण्याचा धोका वरच्या बाजूपेक्षा अधिक असतो आणि दोन नळ्या असलेल्या डोळ्यात काचेच्या पेशीही लवकर संपतात. पहिली चकती सहसा काढत नाहीत, कारण ती थोडेफार काम करत असते आणि भोवतीच्या कोशातून तिला सोडवताना अधिक इजा होते. दुसरा पर्याय म्हणजे द्रव पाझरवणाऱ्या कड्याचा काही भाग लेझरने जाळून उत्पादनच कमी करणे. ते शस्त्रक्रियेपेक्षा झटपट होते आणि खर्चही कमी येतो, पण जाळलेला भाग परत येत नसल्याने, आणि जास्त जाळला गेल्यास डोळा आक्रसू शकत असल्याने, चांगली नजर शिल्लक असलेल्या डोळ्यासाठी ते करण्याआधी बहुतेक नेत्रतज्ज्ञ दुसऱ्या नळीचा विचार करतात.